'सामायिक घर' आणि गावकुसाबाहेरची माणसे

१

ख्रिस्ती धर्मविचारात पर्यावरणाचा प्रश्न उशिरा आला, आणि आला तो आरोपाच्या रूपाने. मध्ययुगाचे अभ्यासक लिन व्हाइट यांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. मनुष्याने पृथ्वी जिंकावी आणि सर्व जीवांवर सत्ता चालवावी, ही उत्पत्तीच्या पुस्तकातली आज्ञा पाश्चात्त्य माणसाने निसर्गाच्या लुटीचा परवाना म्हणून वापरली, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. त्याच लेखात त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसकडे बोट दाखवून ख्रिस्ती परंपरेत दुसराही एक प्रवाह आहे हे सुचवले. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केले. १९८३ च्या व्हँकुव्हर अधिवेशनात जागतिक चर्च परिषदेने न्याय, शांती आणि सृष्टीची अखंडता हे तीन प्रश्न एका दाव्याला बांधले. या साऱ्या प्रवासाचे सर्वांत महत्त्वाचे फळ म्हणजे पोप फ्रान्सिस यांचे 'लाऊदातो सी' हे परिपत्रक. २४ मे २०१५ ही त्याची तारीख. त्याच वर्षी १८ जूनला ते प्रसिद्ध झाले. सहा प्रकरणे, २४६ परिच्छेद. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले. पण त्यांच्या या पत्राचे वाचन चर्चमध्ये, महाविद्यालयांत आणि कार्यकर्त्यांच्या शिबिरांत चालूच आहे.

आपल्यासारख्या नियतकालिकाने या पत्राची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला आपले काम सुरू केले. पुढे त्या आणि शेजारच्या जिल्ह्यांत जे ख्रिस्ती झाले त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज हे पत्र वाचतात. म्हणजे हा मजकूर आपल्याच माणसांच्या हातात पडलेला आहे. तेव्हा तो आपल्या मानदंडांनी तपासणे हे आपले काम ठरते.

या पत्राचा मी सहानुभूतीने वाचणारा वाचक आहे. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन्ही एकत्र ऐकले पाहिजेत, अशी भूमिका इतक्या अधिकारपदावरून इतक्या स्पष्टपणे क्वचितच घेतली गेली असेल. व्हाइटच्या आरोपाला उत्तर देताना पोप टाळाटाळ करीत नाहीत. काही ख्रिस्ती लोकांनी शास्त्राचा अर्थ चुकीचा लावला हे ते मान्य करतात. श्रीमंत देशांवर गरीब देशांचे पर्यावरणीय ऋण आहे, असेही ते बजावतात. हे सगळे मोलाचे आहे. परंतु या पत्राची मध्यवर्ती प्रतिमा आहे 'आपले सामायिक घर'. पृथ्वी हे सर्वांचे एक घर, आणि त्याची काळजी सर्वांनी घ्यायची. माझा आक्षेप सुरू होतो तो इथे. ज्या देशात घराला उंबरठा असतो आणि त्या उंबरठ्यावर जात उभी असते, त्या देशात 'सामायिक घर' हे शब्द उच्चारताना जातीचे नाव घ्यावेच लागते. या पत्रात 'जात' हा शब्द मला कुठे आढळला नाही. रोमहून लिहिलेल्या पत्रात तो नसावा हे समजू शकते. मात्र भारतात ते पत्र शिकवणाऱ्यांनीही तो शब्द गाळावा, हे समजण्यापलीकडचे आहे.

२

गाव म्हणजे एक कुटुंब, एक घर, असे आपल्याकडेही कायम सांगितले गेले. त्या घरात महाराची जागा कुठे होती? शिवेवर, वेशीवर, गावकुसाबाहेर. आणि त्याचे काम काय होते? राखण. गावाच्या हद्दीचे दगड त्याला ठाऊक, पाऊलवाटा त्याला ठाऊक, मेलेले ढोर ओढून न्यायचे त्याने, सरपण फोडायचे त्याने, सरकारी टपाल पोचवायचे त्याने. आजच्या भाषेत बोलायचे तर गावच्या परिसराची निगा ज्याच्या अंगावर होती तो हा माणूस. त्या निगेच्या बदल्यात त्याला मिळाली भाकरी, तीही मागून घ्यायची.

आता ख्रिस्ती निसर्गविचाराचा आधारस्तंभ पाहा. पृथ्वी जिंकण्याच्या आज्ञेवर उतारा म्हणून उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले पंधरावे वचन पुढे केले जाते. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. 'लाऊदातो सी'मध्येही हेच वचन येते. मालकी सोडा, राखणदार व्हा, असा त्याचा आशय. ज्याने आजवर मालकी भोगली त्याच्यासाठी हा उपदेश योग्यच आहे. पण ज्याच्या पिढ्यान् पिढ्या राखणीतच गेल्या त्याला हा उपदेश काय देतो?

मूळ हिब्रूत मशागतीसाठी जे क्रियापद आहे, 'आबाद', त्याचा अर्थ सेवा करणे असाही होतो. आणि दासासाठीचा 'एबेद' हा शब्द त्याच धातूतून येतो. बागेची सेवा आणि माणसाचे दास्य यांचे मूळ एकच आहे. हा केवळ भाषेचा योगायोग मानून सोडून देता येत नाही, कारण यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात त्याचा सामाजिक अर्थ उघड होतो. गिबोनच्या लोकांना जीवदान मिळते, पण एका अटीवर. त्यांनी कायमचे लाकूडतोडे आणि पाणके व्हायचे, समाजासाठी आणि देवाच्या वेदीसाठी. लाकूड आणि पाणी, म्हणजे जंगल आणि नदी. निसर्गाशी सर्वांत जवळचे नाते ज्यांचे, ते वंशपरंपरेने दास. या अध्यायावर पर्यावरणाचे प्रवचन झालेले मी आजवर ऐकलेले नाही. आपल्याला मात्र तो वाचताक्षणी ओळखीचा वाटतो.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते या राखणीतून माणूस सोडवण्यासाठी. ज्यांना वतन म्हणजे जमिनीशी असलेले जिव्हाळ्याचे नाते वाटत होते, त्यांना ती मागणी आत्मघातकी वाटली असेल. बाबासाहेबांना दिसत होते ते वेगळे. हक्कावाचून राखण ही गुलामगिरी असते, मग राखायची वस्तू गाव असो, बाग असो की पृथ्वी.

३

पृथ्वीचा एक प्रचंड उकिरडा होत चालला आहे, असे पोप फ्रान्सिस यांचे निरीक्षण आहे. वापरा आणि फेका या संस्कृतीवर त्यांनी वारंवार टीका केली आणि वस्तूंबरोबर माणसेही फेकली जातात हे ठामपणे मांडले. ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर कागद-पुठ्ठे वेचणारे लोक त्यांना परिचयाचे होते. प्रश्न असा आहे की त्या उकिरड्यावर उभा कोण आहे? परिपत्रकात घरोघरी कचरा वेगळा करणे, पाणी जपून वापरणे अशा लहान कृतींचे कौतुक येते. हा सल्ला घरातल्यांना आहे. कचरा घराबाहेर पडल्यावर तो ज्या हातात जातो त्या हाताचे नाव भारतात जातीने आधीच लिहून ठेवलेले आहे.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून जे लोंढे शहरांकडे गेले त्यांत भूमिहीन दलित मोठ्या संख्येने होते. शहरात पुरुषाला हमाली मिळाली, बाईच्या हाती आले पोते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. आम्ही भीक मागत नाही, चोरी करीत नाही, शहराचा खर्च वाचवतो, आम्हाला कामगार म्हणा, ही त्यांची भूमिका. कोणत्याही पर्यावरण परिषदेने त्यांना बोलावले नव्हते. शहराच्या मातीत आणि नदीत जाणारे किती टन प्लास्टिक, काच, पत्रा या हातांनी रोखले असेल याचा विचार करा. पृथ्वीची निगा हा शब्दप्रयोग ज्यांना शब्दशः लागू पडतो त्या या बाया आहेत. पण त्यांची मागणी निगेची थोरवी गाण्याची नव्हती. मजुरी, ओळखपत्र, हातमोजे आणि आपल्या मुलीने पोते उचलू नये, ही होती.

इथे दलित ख्रिस्ती धर्मविचाराशीही एक वाद घालणे भाग आहे. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानातून या विचाराला तोंड फुटले. भारतातील ख्रिस्ती तत्त्वचिंतन तोवर वेदान्ताशी संवाद करण्यात गुंतले होते. चर्चमध्ये बसणारा बहुसंख्य दलित त्यात नव्हताच. ही कोंडी निर्मल यांनी फोडली, आणि त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. सेवा हे दलिताचे जीवन, ख्रिस्ताचा देव सेवक आहे, म्हणून तो दलितांचा देव आहे, असा त्यांच्या मांडणीचा एक धागा आहे. अपमानिताला देवत्वाशी जोडणारी ही कल्पना पहिल्या भेटीत हलवून सोडते. पण 'सृष्टीची सेवा' या आजच्या घोषणेशी ती जोडून पाहा, म्हणजे धोका लक्षात येईल. घाण काढणारा देवासारखा ठरला तर घाण काढणे पवित्र ठरते, आणि जे पवित्र ठरते ते सोडवत नाही. गांधीजींनी सफाईकामाचा असा गौरव केला तेव्हा बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यावर कठोर प्रहार केला होता. एकाच जातीवर लादलेल्या कामाला उदात्त म्हणणे म्हणजे बेडीला मुलामा देणे होय.

आश्चर्य असे की बायबलमध्येच याचे उत्तर आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीचा नियम सांगितला आहे. शौचासाठी प्रत्येकाने छावणीबाहेर जावे, स्वतःच्या हत्यारांबरोबर एक कुदळी ठेवावी, खड्डा खणावा आणि आपली घाण आपण झाकावी; कारण देव छावणीतून चालतो. या नियमात स्वच्छता देवाशी जोडलेली आहे, तरीही घाण काढणारी जात त्यात नाही. ज्याची घाण त्याची कुदळी. भारतातल्या ख्रिस्ती पर्यावरणवादाला एकच वचन निवडायचे असेल तर त्याने एदेन बागेच्या आधी हे निवडावे. आपल्याकडे हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, आणि तरी २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला गटारात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करावी लागली. नद्यांच्या शुद्धीकरणाच्या योजना आखणाऱ्या देशात गटारात उतरणारा माणूस गुदमरून मरतो. त्याचा मृत्यू पर्यावरणाच्या अहवालात का मोजला जात नाही?

४

पाण्याविषयी 'लाऊदातो सी'ची भूमिका निःसंदिग्ध आहे. सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत आणि सार्वत्रिक मानवी हक्क आहे, कारण त्यावर माणसाचे जगणे अवलंबून आहे. पाण्याच्या खाजगीकरणाविषयी तिथे चिंता व्यक्त झाली आहे. महाराष्ट्रात हा हक्क २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर सांगितला गेला. तो दिवस आपण मानवमुक्तीचा म्हणून पाळतो, आणि ते योग्यच आहे. पण तो पर्यावरणाच्या इतिहासातलाही दिवस आहे हे अजून आपल्या पाठ्यपुस्तकांना कळलेले नाही. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून, मंत्रघोषात. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने निवळते, हे या देशाचे जुने प्रदूषणशास्त्र आहे. कारखान्यांचे सांडपाणी नदीत येण्याच्या कितीतरी आधी 'प्रदूषण' हा शब्द इथे माणसांसाठी वापरून झाला होता. आज त्याच महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांमुळे सावित्री नदीविषयी वर्षानुवर्षे तक्रारी चालू आहेत. त्या घाणीसाठी मंत्र म्हणायला कोणी आले नाही!

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय ख्रिस्ती वाचकाला पाठ असतो. याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार करीत नसत, म्हणून तिला नवल वाटते. प्रवचनकार या गोष्टीतून जीवनाच्या पाण्याकडे, म्हणजे अध्यात्माकडे, घाईने निघून जातात. मला वाटते त्यांनी विहिरीवर थोडे थांबावे. तहानलेला माणूस बहिष्कृत बाईच्या हातून पाणी मागतो, हे चमत्कारापेक्षा मोठे आहे. देण्याचा अधिकार तिचा आहे, हे तिथे मान्य होते. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ चालवली, ती गावोगावच्या विहिरींवर जाऊन. पाणी अडवा, पाणी जिरवा या मोहिमा गावोगावी झाल्या. पण जिरलेले पाणी कोणाच्या विहिरीला लागले, आणि त्या विहिरीवर कोणाची घागर चालते, हे दोन प्रश्न त्या मोहिमेच्या फलकावर लिहिल्याशिवाय तिला पर्यावरणरक्षण म्हणू नये.

५

जमिनीचा प्रश्न आला की ख्रिस्ती पर्यावरणविचार लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे वळतो. सातव्या वर्षी जमिनीला विसावा, आणि पन्नासाव्या वर्षी 'योबेल', म्हणजे विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. जमीन देवाची आहे, माणूस केवळ पाहुणा आहे, हे त्यामागचे तत्त्व. 'लाऊदातो सी'ही या व्यवस्थेचा आदराने उल्लेख करते. व्यवस्था खरोखरच विलक्षण आहे; सावकाराच्या घशात गेलेली जमीन परत मिळण्याची हमी कोणत्या शेतकऱ्याला नको आहे?

तथापि दलित वाचक हा अध्याय शेवटापर्यंत वाचतो. जमीन परत जाते ती कोणाकडे? ज्याच्या नावावर पहिल्या वाटणीत ती होती त्याच्याकडे. ज्याला पहिल्या वाटणीत काहीच मिळाले नाही त्याला पन्नासाव्या वर्षीही काही मिळत नाही. आणि याच अध्यायात थोडे पुढे, परकी माणसे दास म्हणून विकत घ्यावीत, ती मुलाबाळांना वारसा म्हणून द्यावीत, अशी मुभा आहे. स्वकीयांसाठी मुक्ती, परकीयांसाठी कायमचे दास्य. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची ही क्रांती आहे. आपल्या देशातले अनेक शेतकरी लढे आणि आता पर्यावरणाचे लढेही याच मर्यादेत अडखळले आहेत.

आपली परंपरा वेगळी आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यांची मागणी परत देण्याची नव्हती, प्रथमच देण्याची होती. पडीक आणि गायरान जमीन कसायला द्या, असे ती सांगत होती. मराठवाड्यात त्यानंतर कितीतरी दलित कुटुंबांनी दगडधोंडे वेचून गायरानावर ज्वारी-बाजरी पिकवली. आज त्याच गायरानाविषयी 'सामायिक मालमत्ता', 'हरित क्षेत्र', 'अतिक्रमण' असे शब्द ऐकू येतात. पाटलाची गुरे चरत होती तेव्हा गायरान सामायिक होते, महारा-मांगाने नांगर घातला तेव्हा पर्यावरण धोक्यात आले! गायराने वाचू नयेत असे मी म्हणत नाही. पण सामायिक या शब्दाची किंमत दर वेळी भूमिहीनाकडूनच का वसूल केली जाते, एवढे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. 'लाऊदातो सी'मध्ये कष्टकऱ्याला वाजवी जमिनीच्या तुकड्यावर नैसर्गिक हक्क आहे, असा पराग्वेच्या बिशपांचा विचार आलेला आहे. भारतातल्या चर्चने त्या परिच्छेदाची पत्रके छापून गावोगावी वाटावीत, कारण त्याला इथे फार काम आहे.

आणि पुन्हा एकदा, योबेलच्या पलीकडे जाणारा प्रवाह बायबलमध्ये आहे. यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते, त्याची नदी होते, ती खारट समुद्राला गोडे करते, काठावर बारमाही फळे देणारी झाडे उभी राहतात, त्यांची पाने औषधी ठरतात. बायबलमधले इतके सुंदर पर्यावरणचित्र दुसरे क्वचितच असेल. हे चित्र पाहून वाचक थांबतो. पण अध्याय थांबत नाही. पुढे जमिनीची नवी वाटणी आहे, आणि तीत तुमच्यात राहणाऱ्या परक्यांनाही देशवासीयांप्रमाणेच वतनाचा वाटा द्या, अशी आज्ञा आहे. नदी बरी होणे आणि भूमिहीनाला वाटा मिळणे ही एकाच अध्यायातली गोष्ट आहे. पहिला अर्धा वाचून पुस्तक मिटण्याची सवय ही केवळ ख्रिस्ती लोकांची नाही. साऱ्या प्रस्थापित पर्यावरणवादाची आहे.

६

विचार तपासून झाला, आता आचार. ज्या चर्चने सामायिक घराचा संदेश द्यायचा, तिचे स्वतःचे घर कसे आहे? माणसाला पृथ्वीचा शेवटचा वाटा मिळतो तो कबरीत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील कॅथलिक दफनभूमीत दलित आणि इतर यांच्या कबरींमध्ये दशकानुदशके भिंत उभी राहिली. ज्याला स्वतःची कबर नव्हती, दुसऱ्याच्या कबरीत ज्याला ठेवावे लागले, त्या येशूच्या नावाने ही दफनभूमी आहे! २०१६ च्या डिसेंबरात भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव आहे हे मान्य केले. ही कबुली महत्त्वाची आहे. पण परिपत्रक २०१५ चे आणि धोरण २०१६ चे, ही दोन्ही कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून व्हायचे आहे. मातीची समता ज्यांना साधली नाही त्यांनी मातीच्या रक्षणाविषयी बोलताना आवाज थोडा खाली ठेवावा.

मराठी मुलखातले उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'च्या आंदोलनात बिल्डरांच्या, टँकरवाल्यांच्या आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या गुंडगिरीच्या विरोधात जी निर्भय भूमिका घेतली, ती मराठी ख्रिस्ती समाजाच्या सार्वजनिक जीवनातली अभिमानाची गोष्ट आहे. 'सुवार्ता'चे हे संपादक २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या कामाचा आदर राखूनच मी एक नोंद करतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळीच्या आणि फुलांच्या बागा, विहिरी आणि त्यांचे बागायतदार आहेत. तालुक्याच्या पूर्वेला आदिवासी पाडे आहेत, आणि त्याच १९८० च्या दशकात तिथे वेठबिगार मुक्त करण्याची लढाई चालू होती. एकाच तालुक्यात, एकाच काळात, एक लढा पाण्यासाठी आणि एक लढा माणसासाठी. महाराष्ट्राच्या स्मरणात 'हरित' हा शब्द पहिल्यापुरता उरला. दोष कोणा एका व्यक्तीचा नाही. ज्याची बाग आहे त्याच्या दुःखाला पर्यावरण म्हणतात आणि ज्याला बागच नाही त्याच्या दुःखाला मजुरीचा प्रश्न म्हणतात, ही आपल्या विचारपद्धतीची खोड आहे.

ती खोड मोडणारा ख्रिस्ती माणूसही आपल्या काळात होऊन गेला. झारखंडमध्ये आदिवासींच्या जल, जंगल, जमिनीसाठी आयुष्य वेचणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली, आणि ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, कोठडीत असतानाच, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. खटला उभाच राहिला नाही. सृष्टीचे रक्षण म्हणजे झाडे लावणे, असे समजणाऱ्यांना राज्यसंस्था सत्कारासाठी बोलावते. जमीन कोणाची, खनिज कोणाचे, असे विचारणाऱ्याचे काय होते हे त्यांच्या मृत्यूने दाखवले. सृष्टीची निगा हा भक्तिभाव राहतो तोवर कोणाला त्याची अडचण नसते. तो हक्काचा प्रश्न झाला की तुरुंग उघडतो.

७

शेवटी साहित्याविषयी. मराठीत ख्रिस्ती निसर्गदृष्टी आली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांबरोबर. 'फुलामुलांचे कवी' ही त्यांची ओळख. त्यांच्या घरी बालकवी राहिले, आणि मराठी निसर्गकवितेचे एक अख्खे दालन त्या सहवासाच्या आसपास उभे राहिले. त्या कवितेचे सौंदर्य मी नाकारीत नाही. पण तीतल्या निसर्गात मेलेले ढोर नाही, उकिरडा नाही, पाणवठ्यावरची शिवी नाही. तो निसर्ग १९७८ साली दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये आला, त्याआधी बाबुराव बागुलांच्या कथांत आणि नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'त शहराच्या गटारांसह आला. समीक्षकांनी त्याला समाजचित्रण म्हटले. निसर्गचित्रण म्हणायला ते धजले नाहीत. माझे म्हणणे असे की दलित साहित्य हेच मराठीतले पहिले संपूर्ण पर्यावरणसाहित्य आहे, कारण त्यात हवा, पाणी, माती आणि घाण यांच्याबरोबर त्यांचा मालक आणि त्यांचा राबता हात हे दोघेही दिसतात. 'लाऊदातो सी' ज्याला समग्र परिस्थितिविचार म्हणते, तो आपल्या लेखकांनी कोणत्याही धर्मपीठाच्या आधाराशिवाय मांडला होता.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. 'लाऊदातो सी' जरूर वाचा, वर्गात घ्या, दलित ख्रिस्ती तरुणांबरोबर बसून चर्चा करा. त्याचा गरिबांविषयीचा कळवळा खरा आहे आणि तो आपल्या लढ्यांना उपयोगी आहे. पण प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तीन प्रश्न लिहा. या घराची घाण कोण काढतो? या घराच्या विहिरीवर कोणाची घागर चालते? या घराच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे? ज्या परिच्छेदाला या प्रश्नांची उत्तरे देता येतील तो आपला. ज्याला देता येणार नाहीत तिथे 'बलुतं' उघडून शेजारी ठेवा. घर सामायिक आहे असे सांगणाऱ्याने आधी उंबरठ्यावरून बाजूला व्हावे. आम्ही आत आल्यावर झाडलोटीचे वाटप सर्वांमध्ये करू, आणि कुदळी प्रत्येकाच्या हातात असेल.